स्वामी रामानंद तीर्थ : ज्यांचं नाव मार्कशीटवरही असतं आणि रक्ताच्या रिपोर्टवरही!

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. केलेल्या कोणाचीही मार्कशीट काढून बघा. सगळ्यात वर एक लांबलचक नाव दिसेल: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. पोरं त्याला नुसतं 'स्वारातीम' म्हणतात. निकाल लागला का, री-व्हॅल्यूएशनचा फॉर्म कधी सुटतोय, बॅकलॉग निघाला का, असल्या चर्चेत हे नाव दिवसातून दहादा येतं.

आता लातूरहून अंबाजोगाईला चला. तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त, लघवी, शुगर तपासून घेतली की हातात रिपोर्ट पडतो. तो दवाखाना ज्या वैद्यकीय महाविद्यालयाचा आहे, त्याचं नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. लोक म्हणतात, 'स्वाराती'ला दाखवून आलो.

म्हणजे बघा, एकाच माणसाचं नाव दोन वेगळ्या प्रकारच्या तपासण्यांशी जोडलं गेलंय. एक परीक्षा डोक्याची, दुसरी शरीराची. पण ज्या माणसाचं हे नाव आहे, त्याने स्वतः तरुणपणी सरकारमान्य परीक्षेची वाटच सोडून दिली होती, हे किती जणांना माहीत असतं?

चला तर मग, आज स्वामीजींची गोष्ट समजून घेऊया. आणि ती समजून घेता घेता आपण रोज ज्या वेगवेगळ्या चाचण्यांना सामोरे जातो, त्या नक्की काय मोजतात हेही बघूया.

चाचणी म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर

परीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेंच, उत्तरपत्रिका आणि पर्यवेक्षक येतात. पण चाचण्या घरोघरी चालू असतात. डेअरीवर दुधाला फॅट लागते. बाजार समितीत सोयाबीनचं पोतं फोडून मॉइश्चर बघतात. शेतातली माती प्रयोगशाळेत जाते, पाण्याचा टीडीएस मोजला जातो, लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवावी लागते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक चाचणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. फॅट मोजणारं यंत्र दुधात स्निग्धांश किती ते सांगेल, दूध कालचं आहे की आजचं ते सांगणार नाही. मॉइश्चरचं यंत्र सोयाबीनमधला ओलावा सांगेल, त्या शेतकऱ्याने पेरणी किती वेळा केली ते सांगणार नाही.

एवढं लक्षात ठेवलं की स्वामीजींच्या आयुष्यातले निर्णय जास्त चांगले कळतात.

व्यंकटेश खेडगीकर नावाचा विद्यार्थी

३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी इथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. शाळेचं शिक्षण सोलापुरात चाललं होतं. त्या काळात मॅट्रिक पास होणं म्हणजे सरकारी नोकरीचं दार उघडणं. घरातला एक मुलगा मॅट्रिक झाला की अख्ख्या घराचा आधार होई.

१९२० मध्ये दोन मोठ्या घटना घडल्या. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच सुमारास महात्मा गांधींची असहकार चळवळ सुरू झाली. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार हा त्या चळवळीचा एक भाग होता. टिळकांच्या निधनानंतर कोवळ्या वयातल्या व्यंकटेशने लग्न न करता देशसेवा करायचं मनाशी ठरवलं, आणि पुढे सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली.

आज ऐकायला हे सोपं वाटतं. पण स्वतःच्या घरातला दहावी-बारावीचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. परीक्षा द्यायला तो घाबरत नाही, अभ्यासही झेपतो, तरी तो म्हणतोय की मला ही परीक्षाच द्यायची नाही. घरात काय होईल?

ज्या पदवीला सरकार दरबारी किंमत नव्हती

त्यांनी शाळा सोडली, पण शिक्षण सोडलं नाही, हे महत्त्वाचं. असहकाराच्या काळात देशभर राष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं निघाली होती. खानदेशात अमळनेरला आणि पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात त्यांनी शिक्षण पूर्ण केलं. लोकशाहीचा विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाचा टप्पा गाठला.

या विद्यापीठातही परीक्षा होत्या, प्रबंध होता, परीक्षक होते. फरक एवढाच, की या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नव्हती.

इथे चाचण्यांचा पहिला प्रकार समजून घेऊ. शिक्षणशास्त्रात त्याला संपादणूक चाचणी म्हणतात. शिकवलेल्यापैकी किती आलं, हे ती मोजते. शाळेतली घटक चाचणी, सेमिस्टर, दहावी-बारावीची बोर्ड परीक्षा या सगळ्या त्यातल्याच. पण या चाचणीला दोन बाजू असतात. एक म्हणजे तुम्हाला किती येतं. दुसरी म्हणजे तुमच्या कागदावर कोणाचा शिक्का आहे. ज्ञान तेच असलं तरी शिक्का बदलला की किंमत बदलते.

खेडगीकरांनी पहिली बाजू पूर्ण केली आणि दुसरी मुद्दाम सोडली. पुढे काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. कामगारांचे प्रश्न त्यांनी पुस्तकातून वाचले होते, आता ते चाळीत आणि गिरणीच्या दारात जाऊन पाहिले.

हिप्परग्याचा मुख्याध्यापक

१९२९ मध्ये त्यांच्या आयुष्याला मराठवाड्याचं वळण लागलं. आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. खेडगीकर तिथे मुख्याध्यापक म्हणून आले.

तेव्हा मराठवाडा ब्रिटिशांकडे नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातले जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलायचे, सुमारे एक चतुर्थांश मराठी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू बोलणारे. पण कारभाराची भाषा उर्दू होती आणि वरच्या वर्गांचं शिक्षणही प्रामुख्याने उर्दूतून चालायचं. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते कौतुक खोटंही नव्हतं. पण निलंग्याच्या किंवा कंधारच्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दूही परकीच होती.

आता विचार करा. गणिताचा पेपर आहे. मुलाला हिशेब पक्का येतो, पण प्रश्न ज्या भाषेत विचारलाय ती भाषा अर्धवट कळते. तो नापास झाला तर नापास कशात झाला, गणितात की भाषेत?

चाचणी तयार करणारे तज्ज्ञ यालाच वैधता म्हणतात. जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, हा वैधतेचा प्रश्न. यासोबत दुसरा शब्द येतो विश्वासार्हता. तीच गोष्ट परत मोजली तर तेच उत्तर येतं का, हा विश्वासार्हतेचा प्रश्न. घरातला वजनकाटा दर वेळी बरोबर दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वासार्ह आहे, पण वैध नाही. परक्या भाषेतला गणिताचा पेपर हा असाच काटा असतो. दर वर्षी तीच मुलं मागे पडतात, आणि सगळ्यांना वाटतं की ही मुलंच कच्ची आहेत.

आज नीटचा पेपर मराठीसह १३ भाषांत मिळतो. ही साधी सोय वाटते, पण तिच्यामागे हाच प्रश्न आहे.

राष्ट्रीय शाळेत मातृभाषेतून शिकवण्यावर भर होता. अभ्यासाबरोबर व्यायाम, सूतकताई, अंगमेहनत हेही शिक्षणच मानलं जाई. शिक्षक पोटापुरतं घेऊन शिकवत. अशा शाळेत मुलाची रोजची वागणूक शिक्षकाच्या डोळ्यांसमोर असते. तीन तासांच्या पेपरात जे दिसत नाही ते तिथे दिसतं. कोण दुसऱ्याला समजावून सांगतो, कोण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही, हे कळायला वेगळी प्रश्नपत्रिका लागत नाही.

बियाणं आणि विद्यार्थी

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांना एक घरगुती चाचणी चांगली माहीत आहे. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. कृषी विभागही दर वर्षी हेच सांगतो.

ही चाचणी बोर्डाच्या परीक्षेपेक्षा वेगळी आहे. बोर्डाची परीक्षा झाल्यावरचं सांगते, ही होण्याआधीचं सांगते. म्हणजे ती अंदाज देते. आणि शंभर दाण्यांवरून अख्ख्या पोत्याचा अंदाज बांधता येतो, कारण दाणे न निवडता, सरसकट घेतलेले असतात. कोणी मुद्दाम टपोरे दाणे निवडून ठेवले, तर चाचणी पास होईल आणि शेत नापास होईल.

माणसांच्या बाबतीत अंदाज देणारी चाचणी म्हणजे कल चाचणी. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. तिच्यात पास-नापास नसतं, फक्त ओढा कुठे आहे ते कळतं. पण एक गोष्ट विसरायची नाही. बियाणं चांगलं असूनही पाऊस नाही पडला तर उगवत नाही. मराठवाड्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

मुख्याध्यापक खेडगीकरांचं काम त्या अर्थाने जमीन तयार करण्याचं होतं.

खेडगीकरांचे स्वामीजी झाले

स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी म्हटलं की मठ, हिमालय, एकांत असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. स्वामीजींनी भगवी वस्त्रं घातली आणि दुसऱ्या दिवशी परत वर्गावर जावं तसं आपलं काम चालू ठेवलं. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि तिथल्या योगेश्वरी शाळेच्या कामात लागले.

पण शाळेच्या भिंतीबाहेर हवा तापत होती. संस्थानात सभा घ्यायची तर परवानगी लागायची. संघटना काढायची तर संशय यायचा. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, १९३८ मध्ये लातूरला दुसरं. मराठी भागातली माणसं पहिल्यांदाच एकत्र येऊन आपल्या मागण्या मांडत होती, आणि या कामात स्वामीजी पुढे आले. शेवटी १९३८ मध्ये त्यांनी शिक्षकाचं काम सोडलं आणि पूर्णवेळ चळवळीत उतरले.

हैदराबाद स्टेट काँग्रेस : जन्माआधीच बंदी

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं. संघटना नीट उभी राहण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदी मोडण्यासाठी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींनी तुरुंगवास पत्करला.

त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. या मुलांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या पिढीतले आणि पुढे स्वामीजींचे सहकारी. शिक्षणाचं वर्ष पणाला लावणं म्हणजे काय, हे या मुलांना चांगलं कळलं होतं. अठरा वर्षांपूर्वी सोलापुरात एका मुलाने घेतलेला निर्णय आता शेकडो मुलं घेत होती.

१९४० मध्ये स्वामीजींनी गांधीजींच्या संमतीने निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंगात गेले. इथे चाचणीचा आणखी एक प्रकार दिसतो, तो म्हणजे निवड चाचणी. सार्वजनिक सत्याग्रहात हजारो लोक येऊ शकतात. वैयक्तिक सत्याग्रहात मोजकीच माणसं निवडायची असतात, जी कितीही त्रास झाला तरी हात उगारणार नाहीत आणि माफी मागून सुटणार नाहीत. अशी परीक्षा कागदावर घेता येत नाही. आधीच्या दहा वर्षांत माणूस कसा वागला, हाच त्याचा पेपर असतो.

१९४२ मध्ये परत अटक. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये. आठ वर्षं ही संघटना कागदावर नव्हती, पण लोकांत होती. बंदी उठल्यावर तिचं नेतृत्व स्वामीजींकडे आलं.

१३ महिने उशिरा आलेलं स्वातंत्र्य

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. निजामाला संस्थान वेगळं ठेवायचं होतं. भारतात सामील व्हा, या मागणीसाठी स्वामीजींनी लोकांना हाक दिली आणि सगळा देश झेंडावंदन करत होता त्या दिवशी ते अटकेत गेले. मध्ये थोड्या काळासाठी सुटका झाली, पण १९४८ च्या सुरुवातीला पुन्हा तुरुंग.

रझाकारांचा जाच वाढला होता. गावंच्या गावं सीमेपलीकडे जात होती. स्टेट काँग्रेसने सीमेवर शिबिरं उभारली. गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव यांच्यासारखी माणसं या लढ्यात होती.

उमरीचा पैसा आणि हिशेबाची परीक्षा

आता नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची गोष्ट. ३० जानेवारी १९४८ या दिवशी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. वीस लाखांहून जास्त रक्कम हाती आली. त्या काळात ही रक्कम किती मोठी होती, याची कल्पना करा. हा पैसा सीमेवरच्या शिबिरांसाठी वापरला गेला.

ही घटना गांधीवादी संन्याशाच्या चळवळीत बसते का, यावर वाद घालता येतो. पण या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि संस्थान मुक्त झाल्यावर तो सरकारकडे सादर केला गेला.

हिशेब तपासणी, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत ऑडिट, हीसुद्धा एक चाचणीच. बचत गटाचं रजिस्टर, सोसायटीचं खातं, गणपतीच्या वर्गणीची पावती, सगळीकडे ती असते. परीक्षेत आपल्याला प्रश्न आधी माहीत नसतात. ऑडिटमध्ये प्रश्न आधीच माहीत असतो: पैसे कुठे गेले? तरीही माणसं याच पेपरात सगळ्यात जास्त नापास होतात. धावपळीत, भूमिगत राहून, जिवावरचा खेळ खेळत असताना ज्यांनी पावत्या सांभाळल्या, त्यांची शिस्त किती असेल!

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताने पोलीस कारवाई सुरू केली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. मराठवाड्यात आजही १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

जिंकल्यावरचा पेपर

लढताना चांगली वागणारी माणसं जिंकल्यावर बदलतात, हे आपण बघतोच. लढ्याचा सगळ्यात मोठा नेता म्हणून स्वामीजींना सत्तेची खुर्ची सहज मागता आली असती. ते मंत्री झाले नाहीत. लोकांसमोर मात्र ते गेले. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून ते लोकसभेवर निवडून आले. निवडणूक ही अशी चाचणी, जिथे परीक्षक लाखो असतात आणि एकालाही उत्तरपत्रिका तपासल्याचं कारण द्यावं लागत नाही.

हैदराबाद संस्थानाचे भाषेनुसार तीन भाग करून ते शेजारच्या भाषिक प्रदेशांना जोडावेत, या मताचे ते होते. १९५६ मध्ये तसंच झालं. हैदराबाद राज्य विसर्जित झालं आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. म्हणजे ज्या राज्यात त्यांचं नेतृत्व सगळ्यात मोठं होतं, ते राज्यच राहू नये असं त्यांना वाटत होतं. कारण शाळेत शिकवताना पाहिलेला भाषेचा प्रश्न त्यांना माहीत होता.

दुसरीकडे शिक्षणाचं काम चालूच राहिलं. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीचं पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागे स्वामीजींचा मोठा वाटा होता. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत याच कॉलेजात शिकवत होता. तोवर पुढे शिकायचं तर मुलांना हैदराबाद गाठावं लागे. आता गोदावरीच्या काठावर घरच्या भाकरीवर शिकता येऊ लागलं. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला स्वामीजींचं निधन झालं.

नाव कागदावर आलं

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला नवं विद्यापीठ स्थापन झालं. दिवस मुद्दाम मुक्तिसंग्राम दिनाचा आणि नाव स्वामीजींचं. पहिले कुलगुरू होते डॉ. जनार्दन वाघमारे. हे तेच, जे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि ज्यांचं नाव लातूर पॅटर्नच्या उभारणीशी जोडलं जातं.

लातूर पॅटर्न काय, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. भरपूर सराव, सतत चाचण्या, चुकांची नोंद, पुन्हा सराव. ज्या भागात एकेकाळी मुलांना आपल्या भाषेत पेपरही मिळत नव्हता, तिथली मुलं राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. ही साधी गोष्ट नाही.

पण आज लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या गल्लीत उभं राहिलं की दुसरी बाजूही दिसते. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला उणे एक. ही चाळणी परीक्षा आहे. तुम्हाला किती येतं, एवढंच ती विचारत नाही. तुमच्यापुढे किती जण आहेत, हे ती विचारते. जागा मोजक्या असल्या की चांगले गुण मिळवूनही मुलगा बाहेर राहतो. बोर्डाच्या परीक्षेत वर्गातली सगळी मुलं पास होऊ शकतात, चाळणी परीक्षेत ते शक्यच नसतं. हा फरक घरच्यांना समजला नाही, तर बाहेर राहिलेला मुलगा स्वतःला नापास समजायला लागतो.

इथे अंबाजोगाईच्या दवाखान्याचा रिपोर्ट कामाला येतो. उपाशीपोटीची शुगर त्या सकाळपुरतं सांगते. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आकडा वाढलेला आला तर चांगला डॉक्टर रुग्णाला नापास करत नाही. तो काय खाताय, किती चालताय, झोप होते का, हे विचारतो आणि काही दिवसांनी परत तपासायला सांगतो. निदान करणारी चाचणी माणसाला बाहेर काढण्यासाठी नसते, पुढे काय करायचं ते ठरवण्यासाठी असते.

मार्कशीटकडेही आपण थोडं तसं बघू शकतो. सराव परीक्षेत २०० गुण कमी पडले, तर ते कुठे पडले, भाषेमुळे, वेळेमुळे, की विषयच आवडत नाही म्हणून, हे विचारता येतं. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

स्वामी रामानंद तीर्थ परीक्षांच्या विरोधात नव्हते. त्यांनी स्वतः अभ्यास केला, प्रबंध लिहिला, मुख्याध्यापक म्हणून शेकडो मुलांना शिकवलं, नांदेडच्या कॉलेजच्या उभारणीला हातभार लावला. त्यांनी फक्त एक गोष्ट केली. समोर आलेली परीक्षा कोण घेतंय आणि कशासाठी घेतंय, हे त्यांनी आधी बघितलं. जी त्यांना मान्य नव्हती ती सोडली आणि तिची किंमत मोजली. जी मान्य होती ती मात्र शेवटपर्यंत दिली, मग ती तुरुंगात असो, हिशेबाच्या वहीत असो, नाहीतर सत्ता समोर असताना असो.

म्हणून पुढच्या वेळी निकालाचा कागद हातात आला, शाळेचा असो, दवाखान्याचा असो, माती परीक्षणाचा असो, तर आकडा बघण्याआधी वर छापलेलं नाव एकदा वाचा. आणि मग आकड्याला विचारा, की बाबा, तू नक्की काय मोजलंस? त्याने जेवढं मोजलं, तेवढंच खरं माना. बाकीचं माणसाला रोज जवळून बघूनच कळतं, जसं हिप्परग्याच्या मुख्याध्यापकाला कळत असणार.